नापास होण्याची तयारी

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दामलेबाई यांच्या ऑफिसात सरस्वतीच्या तसबिरीखाली एक तक्ता टांगलेला असे. तसबीर लहान होती, तक्ता मोठा होता. वर्षभराचं सगळं शिक्षण त्यावर रंगीत शाईनं चौकोनाचौकोनांत भरलेलं असायचं. कोणत्या आठवड्यात कोणत्या इयत्तेला कोणता धडा, कधी घटक चाचणी, कधी उजळणी, सगळं ठरलेलं. चौथीचा अभ्यासक्रम दिवाळीच्या आत संपवायचा आणि उरलेलं वर्ष स्कॉलरशिपच्या परीक्षेला द्यायचं असा बाईंचा नेम होता आणि तो कधी चुकला नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बाई शेवटच्या चौकोनावर स्वतःच्या हातानं फुली मारायच्या आणि समाधानानं पेन मिटायच्या. अभ्यासक्रम संपलेला असे. म्हणजे बाईंचा संपलेला असे. आमच्यातल्या निम्म्यांचा तो सुरूही झालेला नसायचा, पण त्यासाठी तक्त्यावर रकाना नव्हता.

वर्गात कोणी कुठं बसायचं तेही याच शिस्तीत ठरे. 'ढ' हा शब्द बाईंनी शाळेत बंद करून टाकला होता. कोणी उच्चारला तर अंगठे धरून उभं राहावं लागे. त्याऐवजी वर्गाच्या तीन ओळी केल्या होत्या. खिडकीकडची सूर्य, मधली चंद्र आणि भिंतीकडची तारे. कोणाला कमीपणा वाटू नये हा हेतू. हेतू उत्तमच होता, पण सदाशिव पेठेतली मुलं तेवढी कच्ची नव्हती. पहिल्याच मधल्या सुट्टीत सूर्य ओळीतल्या एकानं भिंतीकडच्या एकाला "ए ताऱ्या" अशी हाक मारली आणि दोघांची जुंपली. इतक्या सुंदर शब्दावरून मुलं एकमेकांच्या उरावर का बसतात हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मी तारे ओळीत होते. अगदी शेवटच्या बाकावर.

याला कारण माझ्या गावाकडची शाळा. आम्ही यवतमाळकडचे. तिसरीच्या मध्यावर बाबा आम्हाला घेऊन पुण्याला आले, तोवर मी सगळी पुस्तकं पाठ करून टाकली होती. आमच्या गावात वाचन म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायचं, आणि माझा आवाज चांगला असल्यामुळे मी सर्वांत पुढे असायचे. पान कधी उलटायचं तेही मला चालीवरून समजायचं. पुण्यातही हे काही महिने बिनबोभाट चाललं. मग एकदा दामलेबाई वर्गावर आल्या आणि मला वाचायला उभं केलं. मी पुस्तक उघडून, बोट फिरवत, गायीचा धडा खणखणीत म्हणून दाखवला. बाई जवळ आल्या, त्यांनी पुस्तकाची पाठ बघितली आणि म्हणाल्या, "छान. गणिताच्या पुस्तकातून गायीचा धडा वाचणारी विद्यार्थिनी मी प्रथमच पाहते आहे." सूर्य ओळ फिदीफिदी हसली. चौथीत गेले तरी मला एक अक्षर वाचता येत नाही, ही बातमी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत पोचली होती.

आमचं घर शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे, एका पिठाच्या गिरणीच्या वर होतं. गिरणी सुरू झाली की फळीवरचे डबे आपोआप वाजायला लागत आणि आमच्या घरातली प्रत्येक वस्तू, अगदी देवसुद्धा, बारीक पिठाच्या थरात असायची. बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. तेलाची कुपी आणि हत्यारांची पिशवी घेऊन ते पेठेतल्या घराघरांत जायचे. फार बिघडलेली मशिनं घरी यायची, त्यामुळे दोन खोल्यांत माणसं तीन आणि मशिनं कायम त्याहून जास्त. दुरुस्त झालेल्या मशिनीवर आई चिंधी घालून टीप मारून बघायची. टीप सरळ आली की मशीन मालकाकडे परत. खाली गिरणी, वर मशीन, मध्ये आमचं बोलणं, त्यामुळे आमच्याकडे सगळेच ओरडून बोलत. शेजाऱ्यांना वाटायचं हे लोक सदा भांडतात. आईनं पुण्यात आल्यावर आमटीत गूळ घालायचं शिकून घेतलं होतं, पण ती आमटी पाहुण्यांसाठी. आमच्यासाठी बेसनाच्या पातोडीचा रस्सा, असा की गिरणीत दळायला आलेल्या बायकांना खाली ठसका लागायचा. मी आजही रस्सा करते आणि सूनबाई आजही एक्झॉस्ट फॅन लावते.

गणिताच्या पुस्तकातली गाय घरी पोचली तेव्हा बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मशिनीच्या चाकाला तेल देत आईला म्हणाले, "इथं नाई जमलं त हिले गावाले काकाकडे ठेवू. कायले पोरीचं हसू करून घ्याचं? तिथं तरी कोणी हसणार नाई." गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. काकांच्या दोन्ही मुली चौथीनंतर कापूस वेचायला जात होत्या, आणि त्यांना खरोखरच कोणी हसत नव्हतं. आई म्हणाली, "वरीस तरी होऊ द्या." तर माझ्यासमोर एवढाच हिशेब होता. वर्ष संपायच्या आत वाचायला यायचं, नाही तर पुणं संपलं. मला पुणं फार आवडत होतं अशातला भाग नाही, पण कापूस वेचून आलेल्या माझ्या बहिणींची बोटं मी बघितली होती.

शाळेनं मला जादा तासाला घातलं. जादा तास हा दामलेबाईंच्या तक्त्यावरचा सर्वांत खालचा चौकोन, शाईही फिकी. शाळा सुटल्यावर तारे ओळीतल्या मुलांनी संगीताच्या खोलीत जायचं. संगीत शिकवणारे गुरुजी केव्हाच सोडून गेले होते, आणि खिडकीला टेकवून रचलेल्या फुटक्या भात्यांच्या पेट्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांच्यामुळे उजेड आत यायचा नाही. तिथं आम्हाला शिंत्रेबाई शिकवत. उंच, काटकुळ्या, कपाळाला कायम आठी. शाळेत एकही शिक्षक त्यांच्या शेजारी चहा प्यायला बसत नसे, कारण बाई बोलायला लागल्या की चहा कडू लागायचा. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून भडंग काढलं, प्रत्येकाला कागदावर मूठभर दिलं आणि म्हणाल्या, "आधी खा. उपाशी पोटी जोडाक्षर कळत नाही. पोट भरल्यावरही कळलं नाही तर मग आपण बघू चूक कोणाची." आम्ही खाल्लं. तिखटजाळ होतं. मला गावची आठवण आली आणि त्या क्षणी मी त्या बाईची झाले.

शिंत्रेबाईंची शिकवायची रीत कुठल्याच तक्त्यात बसणारी नव्हती. एका दिवसात एक ओळ. कोणी चुकलं तर त्या चूक म्हणून सांगत नसत, बरोबर काय तेही सांगत नसत. चुकीचं वाचलेलं वाक्य तसंच उचलायच्या आणि सगळ्यांपुढे ठेवायच्या. दत्ता म्हणून माझ्या बाकावरचा मुलगा होता. त्यानं एकदा वाचलं, "कावळा घरट्यात म्हैस घेऊन आला." बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "ठीक. डोळे मिटा. कावळा दिसतोय? म्हैस दिसतेय? चोचीत कशी धरली आहे? घरटं केवढं आहे? दत्ता, तुला पटतंय का हे?" दत्ता विचार करून म्हणाला, "नाही पटत बाई." "मग तू वाचलंस त्यात काहीतरी गडबड आहे. परत जा आणि शोधून आण." दत्ता ओळीच्या सुरुवातीला परत गेला, बोट ठेवून एकेक अक्षर चाचपत पुढे सरकला, आणि म्हशीच्या जागी त्याला काडी सापडली. तोवर आम्ही हसून हसून लोळत होतो, आणि बाई आठी तशीच ठेवून पुढच्याला उभं करत होत्या. अक्षराच्या मागे काहीतरी दिसायचं असतं, हे मला त्या अंधाऱ्या खोलीत प्रथम कळलं. तोवर मला वाटायचं पुस्तक ऐकण्यासाठी असतं.

हे हसणंच आमच्या मुळावर आलं. शाळेच्या फाटकाशी सूर्य ओळीतल्या मुलांच्या आया त्यांना न्यायला उभ्या असायच्या. संगीताच्या खोलीतून रोज हसण्याचा गडगडाट बाहेर यायचा. पेठेतल्या आईला दुसऱ्याची मुलं अभ्यास करताना हसतात हे सहन होण्यासारखं नव्हतं. नक्की काहीतरी वेगळं शिकवतात, असं एक म्हणाली. खाऊसुद्धा देतात, असं दुसरी म्हणाली. तेवढ्यात घटक चाचणी झाली आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत दत्ताला मकरंद वैद्यपेक्षा जास्त मार्क मिळाले. मकरंद म्हणजे वर्गाचा पहिला नंबर, सूर्य ओळीचा पहिला बाक. तो उदाहरणातले आकडे बघून फटकन बेरीज करून मोकळा व्हायचा. दत्ता बिचारा प्रत्येक उदाहरण बोट ठेवून वाचायचा, डोळे मिटायचा, टोपलीतले आंबे बघायचा आणि मगच मोजायचा. त्या वेळी उदाहरणात आंबे विकले होते, आणले नव्हते. दत्तानं वजाबाकी केली. मकरंदनं बेरीज.

दुसऱ्याच दिवशी वैद्यकाकू ऑफिसात आल्या. मला खडू आणायला पाठवलं होतं, म्हणून मी दाराशीच होते.

"बाई, राग मानू नका, पण एक विचारते," काकू म्हणाल्या. "आमच्या मकरंदनं हुशार असणं हा गुन्हा आहे का?"

"असं कोण म्हणालं?" दामलेबाई म्हणाल्या.

"म्हणायला कशाला हवं? भिंतीकडच्या मुलांना रोज जादा तास, स्वतंत्र बाई, वर भडंग. आमच्या मुलांना काय? नुसती शाबासकी! आम्हीही याच शाळेत मुलगा घातला आहे."

"अहो वैद्यताई, तो तास मागे पडलेल्या मुलांसाठी आहे."

"मग आमचा मागे पडलाच की आता! दत्ताच्या मागे."

आठवडाभरात सूर्य ओळीतले जवळजवळ सगळे पालक येऊन गेले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमचं मूल घरी अजिबात वाचत नाही. एकीनं तर सांगितलं की तिच्या मुलाला वाचायला फार आवडतं हीच त्याची अडचण आहे. दामलेबाई अन्याय करणाऱ्या नव्हत्या. संगीताच्या खोलीत जागा थोडी, मागणारे फार, तेव्हा त्यांनी न्याय्य मार्ग काढला. जादा तासासाठी निवड चाचणी घ्यायची. प्रत्येक मुलानं पालकांसमोर एक उतारा वाचायचा, आणि जे सर्वांत वाईट वाचतील त्यांना जागा. तक्त्यावरचा खालचा फिका चौकोन बाईंनी त्या दिवशी लाल शाईनं गडद केला.

हे कोणाला अतिशयोक्त वाटेल, म्हणून थोडं आत्ताचं सांगते. गेल्याच महिन्यात मुलगा मला नातीच्या शाळेत सभेला घेऊन गेला. वाघोलीची शाळा, वातानुकूलित हॉल, कॉफी मशीनमधली कॉफी. एक तरुण मुलगी पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत होती. तक्ता तोच, आता तो भिंतीवर उजेडानं पडतो एवढंच. शेवटी तिनं लर्निंग सपोर्टची माहिती दिली, काही मुलांना थोडी जास्त मदत लागते वगैरे. मुलगा माझ्या कानाशी लागला, "आई, ते सपोर्टवालं फार भारी आहे. सीट्स लिमिटेड असतात. आपण रेवासाठी ट्राय करतोय." मी म्हटलं, "अरे, रेवाला वाचता येतं ना?" "येतं गं, पण बाकीचे सगळे पेरेंट्स अप्लाय करतायत." मला इतकं हसू आलं की त्या मुलीनं थांबून विचारलं, आजी, काही प्रश्न आहे का. मी नोकरीभर वीज मंडळाच्या तक्रार खिडकीवर बसले, लोक किती प्रकारची दुखणी घेऊन येतात ते बघितलं. पण दुसऱ्याला मिळतं म्हणून आपल्याला हवं, या दुखण्याला मी तिथंही कधी औषध देऊ शकले नाही.

तर निवड चाचणी जाहीर झाली आणि पेठेत नापास होण्याची तयारी सुरू झाली. पुण्यात कुठलीही परीक्षा जाहीर झाली की तिचा क्लास निघतोच. इथं क्लास घरोघरी निघाले. ज्या मुलांना चार वर्षं न अडखळता वाचायला शिकवलं होतं त्यांना आता त्याच आया समोर बसवून अडखळायला शिकवू लागल्या. बाबा त्याच सुमारास वैद्यांकडे मशीन दुरुस्त करायला गेले होते. रात्री जेवताना आश्चर्यानं सांगायला लागले, "त्या वैद्याच्या पोट्ट्याले वाचताच येत नाई बाप्पा! दोन ओळीत घाम फुटला त्याले. माय त्याची म्हणते, अजून थोडं अडक, अजून थोडं अडक. अन् म्हणे पहिला नंबर येते त्याचा!" त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जरा उजेड दिसत होता. आपलीच पोरगी एकटी नाही, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. मकरंद परवा बिबवेवाडीत एका लग्नात भेटला. जिलबी खाता खाता म्हणाला, सुमन, आयुष्यात एवढी तयारी मी पुन्हा कुठल्याच परीक्षेची केली नाही.

बाबांना निवड चाचणीचं खरं स्वरूप माहीत नव्हतं. आईनं मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण बाबा दिवसातून अनेक घरं फिरायचे आणि पोटात काही ठेवायचे नाहीत. त्यांना वाटत होतं, वाचनाची परीक्षा आहे म्हणजे वाचता आलं पाहिजे. आईला मात्र सगळं ठाऊक होतं. मला आता लहान वाक्यं वाचता येत होती. बोट ठेवून, सावकाश, जोडाक्षर आलं की थांबून. एवढ्यात शिंत्रेबाई सुटल्या तर मी जिथं आहे तिथंच राहणार, हे आईला नि मला दोघींनाही कळत होतं. आदल्या दिवशी वेणी घालताना आई केस जरा जास्तच ओढत म्हणाली, "उद्या येत असलं तरी येत नाही असं वाच. एका वाक्यात एक चूक कर. मोठी कर, बाईंना ऐकू गेली पाहिजे." मी हो म्हटलं. मला ते अवघड वाटलं नाही. चुकण्याचा माझा अनुभव मकरंदपेक्षा दांडगा होता.

चाचणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. पालक खुर्च्यांवर. समोर टेबलाशी दामलेबाई आणि आणखी दोन बाई. शिंत्रेबाईंना मार्क द्यायला ठेवलं नव्हतं, त्या एका बाजूला हाताची घडी घालून बसल्या होत्या. मकरंद उभा राहिला. काय वाचला तो! पहिल्याच शब्दाला अडला, ओठ चावला, छताकडे बघितलं, पुन्हा अडला. एक ओळ संपवायला त्याला इतका वेळ लागला की दामलेबाईंनी दोनदा "सावकाश बाळ, सावकाश" म्हटलं. वैद्यकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं बाई दुःखी आहे. मला त्या अभिमानानं रडत होत्या हे स्पष्ट दिसत होतं. त्याच्यामागून सूर्य ओळ एकामागून एक कोसळली. दत्ताची पाळी आली. त्यानं मात्र कुणी न सांगितल्यामुळे बोट ठेवून सरळ वाचून टाकलं. त्याला घरी पाठवण्यात आलं.

माझं नाव पुकारलं तेव्हा बाबा दारात येऊन उभे होते. एक मशीन अर्धवट सोडून आले होते, हात तेलाचे, म्हणून खुर्चीवर न बसता चौकटीशी. त्यांनी मला लांबूनच हातानं खूण केली आणि हळू आवाजात, पण आमच्या घरचं हळू म्हणजे अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतकं, म्हणाले, "धीरानं वाचजो, माय."

उतारा शेतकऱ्याचा होता. पहिली ओळ अशी होती, शेतकऱ्याने बैल गोठ्यात बांधला आणि घोंगडी खांद्यावर टाकली. मला ती अख्खी वाचता येत होती. आईचं ऐकून मी मोठी चूक शोधली आणि म्हटलं, "शेतकऱ्याने बैल खांद्यावर टाकला."

सगळे हसले. बाबांनी मान खाली घातली. आणि पुढचा शब्द वाचायला मी बोट उचलायला गेले, तर बोट उचलेना. कारण मला तो शेतकरी दिसायला लागला होता. आमच्या काकांसारखा, मुंडासं बांधलेला, आणि त्याच्या खांद्यावर आमचा पांढरा बैल, चारही पाय लोंबकळत. मला ते पटेना. कितीही ठरवलं तरी त्या माणसाला तसं उभं ठेवून मला पुढे जाता येईना. मी म्हटलं, "नाही. एवढा बैल कसा उचलेल?" आणि ओळीच्या सुरुवातीला परत गेले. बैल गोठ्यात बांधला. घोंगडी खांद्यावर टाकली. मग मला आई आठवली, म्हणून पुढच्या ओळीत विहिरीत घागर सोडायच्या ऐवजी मी घोडा सोडला. तो विहिरीत जाऊन खिंकाळायला लागला. मी पुन्हा थांबले. "घोडा नाही, घागर," मी म्हटलं, आणि त्याला बाहेर काढलं. असा सगळा उतारा मी स्वतः बिघडवत आणि स्वतःच दुरुस्त करत शेवटापर्यंत नेला. घाम मकरंदपेक्षा मला जास्त फुटला होता. शिंत्रेबाईंकडे बघितलं तर त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

दामलेबाईंनी शेजारच्या बाईंशी विचारविनिमय केला आणि निकाल वाचून दाखवला. "वाचन मंद. परंतु स्वतःची चूक स्वतः शोधते. मदतीची आवश्यकता नाही." बाबांनी तेलाच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या असलेल्या परक्या गृहस्थांना म्हणाले, "माही पोरगी हाय ते." परत जाताना रस्ताभर ते बोलत होते. आता गावाले जाची गोष्टच काढायची नाही, काकाले तसं कळवतो, चौथीच काय तुले मॅट्रिक करतो. माझं सगळं आयुष्य त्या दोन गल्ल्यांत ठरलं आणि मी हुंदके देत चालत होते. बाबांना वाटलं आनंदानं. घरी आई मशिनीवर होती. तिनं माझा चेहरा बघून पाय थांबवला.

"वाचलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

आई बाबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "एवढं साधं नापास व्हायला सांगितलं तर तेही जमेना तुला," ती म्हणाली आणि मला जवळ ओढून घेतलं. तिच्या ब्लाउजला अडकवलेली टाचणी माझ्या गालाला टोचली ते अजून आठवतं. पुण्यात राहायला मिळालं आणि पुण्यातली एकुलती एक हवी असलेली खोली गेली. बाबांना हे मी पुढेही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून संगीताच्या खोलीत सूर्य तळपू लागला. शाळा सुटली की मी सवयीनं तिकडेच जायचे आणि दाराबाहेरच्या पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसायचे. आतून हसण्याचा आवाज येत नसे. बाई एक ओळ सांगायच्या, मुलं ती एका दमात संपवून पुढची चार वाचून मोकळी व्हायची आणि भडंग घेऊन स्कॉलरशिपच्या क्लासला पळायची. मला पायरीवरून बाईंचा सुस्कारा ऐकू यायचा. घरी येऊन मी काय वाचणार, आमच्याकडे शिलाई मशिनीवरच्या अक्षरांखेरीज वाचायला काही नव्हतं.

एके दिवशी आत मकरंद वाचत होता, मोठ्यानं, भरधाव. पायरीवर बसल्या बसल्या मी डोळे मिटले होते. त्याची नजर मधली ओळ चुकून खालच्या ओळीवर गेली असणार, कारण तो अगदी ठसक्यात म्हणाला, "आईने बाळाला न्हाऊमाखू घालून डब्यात भरले आणि डबा फळीवर ठेवला." आणि थांबला नाही. पुढे आई अंगण झाडायला गेली, पुढे पाहुणे आले. आत कोणाला काही वाटलं नाही. सगळे पुढचं पान उलटायच्या घाईत होते. मला मात्र आमच्या घरची फळी दिसली, गिरणी चालू, सगळे डबे थडथडतायत, आणि त्यातल्या एका डब्यात पावडर लावलेलं, काजळ घातलेलं बाळ. मी इतक्या जोरात हसले की दप्तर पायरीवरून खाली गेलं.

आतलं वाचन थांबलं. शिंत्रेबाई दाराशी आल्या. कपाळाला नेहमीची आठी.

"कोण हसलं?"

"मी, बाई."

"का हसलीस?"

मी उभी राहिले. आतून मकरंद आणि सगळी सूर्य ओळ माझ्याकडे बघत होती. निवड झालेली मुलं ती, आणि मी बाहेरची. पण ते बाळ तिथं कोंडलेलं असताना मला गप्प बसवेना.

"बाई," मी म्हटलं, "ते बाळ अजून फळीवरच आहे."

मकरंदनं पुस्तकात बघितलं. ओळीच्या सुरुवातीला परत गेला, बोट ठेवलं, आणि मग त्याच्या तोंडून जे हसू फुटलं ते ऐकून फाटकापाशी वैद्यकाकूही चमकल्या असतील. शिंत्रेबाईंनी दार पूर्ण उघडलं.

"मग बाहेर उभी काय राहिलीस?" त्या म्हणाल्या. "आत ये आणि काढ त्याला खाली."